चप्पल लाइनमधल्या दुकानदारांना एका माहेरवाशिणीचं पत्र

प्रति,
चप्पल लाइन आणि अंबाबाई मंदिराच्या आसपासचे सर्व चप्पल दुकानदार,
कोल्हापूर.

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरची. मंगळवार पेठेत वाढले, लग्न होऊन नाशिकला गेले, त्याला आता बावीस वर्षं झाली. वर्षातून दोनदा तरी माहेरी येते आणि एकटी क्वचितच येते. कधी सासरची माणसं, कधी मुलीच्या मैत्रिणी, कधी ऑफिसातल्या बायका, असा गोतावळा बरोबर असतो. सगळ्यांचा फेरा ठरलेला. पहाटे अंबाबाई, मग मिसळ, दुपारी पन्हाळा नाहीतर न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळा. या सगळ्याच्या मधे कुठंतरी तास-दीड तास तुमच्याकडं. कोल्हापूरला येऊन चप्पल न घेता परतलेला पाहुणा माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि दुकानाची पायरी चढण्याआधी प्रत्येकजण मला विचारतो, "तू इथली आहेस, सांग, खरी कुठली?" या प्रश्नाचं उत्तर मला आता छातीठोकपणे देता येत नाही. म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ पहिल्यांदा कोल्हापूरला आली. मी हौसेनं तिला एका दुकानात नेलं. दुकान कुठलं ते इथं लिहिणार नाही. त्या एका माणसावर राग काढायचा असता, तर त्यांच्याच दारात जाऊन काढला असता. मी विचारलं, "हातची आहे ना?" उत्तर आलं, "शंभर टक्के हातची, ताई. डोळे झाकून न्या." चौदाशे सांगितले, जावेनं घासाघीस करून नऊशेवर आणले, आणि दोघी खूश होऊन बाहेर पडलो. सातव्या आठवड्यात तळ उकलला. आत पुठ्ठा होता. कातड्याच्या दोन पातळ थरांमधे दाबून चिकटवलेला आणि अंगणातल्या ओलीनं फुगलेला पुठ्ठा. जाऊ एका शब्दानं भांडली नाही. जोड उचलून मला दाखवला आणि म्हणाली, "ताई, ही तुमच्या कोल्हापूरची चप्पल."

त्या 'तुमच्या' शब्दानं मला रात्री झोप लागली नाही. पाचशे-हजार रुपयांचं दुःख नव्हतं. माझ्या गावाच्या नावावर मी तिला भरवसा दिला होता.

पुढच्या मे महिन्यात मी मुलीला घेऊन कोल्हापुरातल्याच सुभाषनगरात, चप्पल कारागिरांच्या वस्तीत गेले. ओळखीतल्या एकांनी एका कारागिराच्या घरी नेलं. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. दाराशी बादलीत चामडं भिजत घातलेलं. काका मांडी घालून बसले होते, समोर लाकडी ठोकळा, हातात रापी. म्हशीच्या जाड चामड्यावर फर्मा ठेवून तळ कापत होते. रापी मधे थांबली की कड दातेरी होते, म्हणून ती एका दमात फिरवावी लागते. काकू शेजारी पट्ट्यावरची वेणी घालत होत्या. सुतासारख्या बारीक कापलेल्या चामड्याच्या पट्ट्या, आणि बोटं अशी चालत होती की माझी मुलगी मोबाइल खिशात ठेवून पाहत राहिली. या धंद्यात वेणी, गोंडे, पट्ट्यावरची नक्षी आणि पुष्कळशी शिलाई बायका करतात, हे मला कोल्हापुरात वाढूनही ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "काका, खिळे कुठं मारता?"

"ताई, ह्यात खिळा नसतोय. चामड्याला चामड्यानंच शिवायचं," असं म्हणून त्यांनी आरीनं भोक पाडलं, त्यातून वादी ओवली आणि ओढून दाखवली. वादी म्हणजे चामड्याचाच दोरा. तळाच्या कडेनं फिरलेले ते टाके मग त्यांनी हातोडीनं ठोकून चपटे केले.

त्या खोलीतला वासही वेगळा होता. चामडं कमावण्याची जुनी रीत बाभळीच्या सालीची आणि हिरड्याची. कातडं चुन्यात घालून केस काढतात, मग ते पिशवीसारखं शिवून टांगतात, आत साल-हिरड्याचं पाणी भरतात, ते झिरपू देतात, पुन्हा भरतात. हे सारं व्हायला महिनाभर लागतो. रसायनांनी हेच काम थोडक्या दिवसांत उरकतं, पण ते चामडं वेगळं. हिरडा-बाभळीचं चामडं घाम शोषतं, तेल पितं, आणि पायाखाली वर्षागणिक गडद होत जातं.

मुलीनं तिथं एक जोड घेतला. काका म्हणाले, "पयला आठवडा चावंल. मग तुमच्या पायाचीच हुईल." तसंच झालं. आज त्या चपलेच्या तळावर तिच्या पाचही बोटांचे ठसे उमटलेत. दुसऱ्या कुणी घातली तर त्याला ती बसणार नाही.

आता हे दोन्ही जोड माझ्या घरी शेजारी शेजारी आहेत. पुठ्ठ्याचा मी टाकला नाही, मुद्दाम ठेवलाय. उलटे करून पाहिले तर फरक लहान मुलालाही कळेल. एकाच्या कडेला थर मोजता येतात आणि टाके दिसतात, दुसऱ्याची कड रंगानं बुजवलेली. पण दुकानाच्या फळीवर हे दोन्ही जोड एकाच रांगेत टांगलेले असतात. दोघांवर तोच सोनेरी गोंडा, आणि दोघांसाठी तुमच्या तोंडी एकच शब्द: कोल्हापुरी.

माझं सगळं गाऱ्हाणं या एका शब्दाबद्दल आहे.

तुमच्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर सराफांची गुजरी आहे. तिथं मी कोल्हापुरी साज घ्यायला पाहुण्यांना घेऊन जाते. ज्याला सोन्याचा परवडतो त्याला सोन्याचा मिळतो. त्यावर हॉलमार्क असतो, सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, बिलावर वजन आणि कॅरेट असतं. ज्याला परवडत नाही त्याला दुकानदार आपणहून सांगतो, "हा एक ग्रॅमचा आहे, वहिनी." गिऱ्हाईक नाराज होत नाही. तेही आनंदानं घेतं, लग्नात मिरवतं, आणि पॉलिश गेलं तर दुकानदाराला शिव्या घालत नाही, कारण त्याला आधी सांगितलेलं असतं. येवल्यात पैठणी घ्यायला जा. 'सेमी पैठणी' हा शब्द तिथं उघड चालतो. हातमागाची एका कपाटात, सेमी दुसऱ्या. बाई आपल्या पैशाप्रमाणं आणि प्रसंगाप्रमाणं ठरवते. सेमी विकणाऱ्याचं दुकान त्यामुळं बंद पडलेलं नाही.

मग चपलेलाच असं वेगळं नाव का नाही? तीनशे-चारशेची रेक्झिनची चप्पल विकू नका, असं मी म्हणत नाही. कॉलेजच्या पोरीला एका गॅदरिंगपुरती तीच हवी असते. मशीनवर शिवलेली, रबरी तळाची चप्पल पावसाळी भागात राहणाऱ्याला खरोखर सोयीची. ती विका, पण तिला तिच्या नावानं विका. 'हातची', 'मशीनची', 'रेक्झिनची' असे तीन शब्द तीन फळ्यांवर खडूनं लिहिले तरी माझ्यासारखीचं अर्धं काम होईल.

तुम्ही म्हणाल, मानांकन आहे की. आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क मिळाला तेव्हा आम्ही नाशिकला पेढे वाटले होते. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून ते आहे. कायदाही कडक आहे. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे. धाक दाखवायला हे लिहीत नाही. पण हे मानांकन अजून माझ्या हातात पडलेल्या एकाही जोडावर मला दिसलेलं नाही. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळानं जोडांवर क्यूआर कोड द्यायला सुरुवात केल्याचं २०२५ मध्ये जाहीर केलं. मोबाइल धरला की कारागिराची आणि चपलेची माहिती दिसावी, अशी ती सोय. गेल्या खेपेला तीन दुकानांत मी त्याबद्दल विचारलं. एका ठिकाणी पोरगा म्हणाला, "ते सरकारी असतंय, आमच्याकडं नाही." ते तुमच्याकडंच असायला हवं. पर्यटक महामंडळाच्या कार्यालयात जात नाही, तो तुमच्या दारात येतो.

आठ जिल्ह्यांचं नाव काढलं ते आणखी एका कारणासाठी. कर्नाटकातल्या अथणी, निपाणी या भागात पिढ्यानपिढ्या हीच चप्पल बनते, तितकीच अस्सल, तितकीच हाताची. तुमच्यापैकी बरेचजण तिथला माल ठेवता आणि गिऱ्हाइकाला मात्र "इथलीच, कोल्हापुरातलीच" असं सांगता. ते लपवायचं कारण मला कळत नाही. "ही अथणीची आहे, तिथं वेणी जरा वेगळी घालतात," असं कुणी मला सांगितलं तर मी ती आवडीनं घेईन. पुठ्ठा भरलेली बनावट आणि अथणीची अस्सल यांना एकाच सबबीखाली झाकू नका. त्यात अथणीच्या कारागिराचा अपमान आहे.

आता नावाबद्दल. हा माझ्या जिवाच्या जवळचा मुद्दा आहे, तेव्हा थोडं सबुरीनं वाचा.

कापशी चप्पल कागल तालुक्यातल्या कापशीवरून ओळखली जाते. कुरुंदवाडी कुरुंदवाडवरून. आपल्या पायताणांनी गावांची नावं जपली, पण बनवणाऱ्या माणसाचं नाव पायताणावर क्वचितच आलं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या कंपनीनं आपल्या चपलेसारखी चप्पल चालवली आणि तिला नुसती चामड्याची सँडल म्हटलं, तेव्हा सगळं कोल्हापूर पेटून उठलं. योग्यच झालं. नाशिकमध्ये बसून मीही दहा जणांशी भांडले. नाव का घेतलं नाही, हाच आपला प्रश्न होता. त्याचा परिणामही झाला. कंपनीनं ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन दोन हजार जोड इथं बनवून घ्यायचं ठरलं. किंमत सुमारे ८०० युरो जोडी.

त्या गदारोळात मी सुभाषनगरातल्या काकांना फोन केला. मला वाटलं, ते खूश असतील. ते म्हणाले, "चांगलंच झालं ताई. पर आमचं नाव हितल्या दुकानात तरी कुठं हाय?"

मिलानला विचारलेला प्रश्न आपल्याच फळीला विचारला तर उत्तर काय येतं, ते तुम्हीच पाहा. चपलेवर तुमच्या दुकानाचा शिक्का असतो. पिशवीवर दुकानाचं नाव, पत्ता, 'आमची कुठेही शाखा नाही' हेही असतं. काकांचं नाही, काकूंचं तर नाहीच. प्रत्येक हातच्या जोडाला दोरीनं एक चिठ्ठी बांधा. बनवणाऱ्याचं नाव, गाव, तळाला कुठलं चामडं आणि वरच्या पट्ट्याला कुठलं, एवढं चार ओळीत मावतं. वेणी घरातल्या बाईनं घातली असेल तर तिचंही नाव. ती चिठ्ठी मी घरी नेऊन जपून ठेवीन. माझ्या पाहुण्यांपैकी निम्मे तरी ठेवतील. कोल्हापूरहून काय आणलं, असं कुणी विचारलं की चपलेबरोबर ती चिठ्ठीही दाखवली जाईल.

हे मी मागच्या दिवाळीत तुमच्यातल्याच एका वयस्कर काकांना बोलून दाखवलं. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि दोन अडचणी सांगितल्या. दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली अशी की, नाव दिलं तर गिऱ्हाईक थेट कारागिराकडं जाईल आणि दुकान बसेल. या भीतीला मी हसणार नाही. तुम्ही भाडं भरता, कारागिराला आगाऊ पैसे देता, पावसाळ्यात माल अंगावर घेता, सात नंबरपासून अकरा नंबरपर्यंत प्रत्येक माप भरून ठेवता. चामड्याचेही हाल तुम्हीच सोसता. २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवर राज्यात बंदी आली आणि तेव्हापासून चामडं चेन्नई-कोलकात्याकडून मागवायची वेळ येते, भाव चढतो. हे सगळं पर्यटकाला दिसत नाही. पण माझा अनुभव सांगते. पर्यटकाकडं एक दिवस असतो. त्याला चाळीस जोड एका जागी पाहायचे असतात, पायात घालून चार पावलं चालायचं असतं, बसायला बाक आणि प्यायला पाणी हवं असतं. तो पत्ता शोधत सुभाषनगरच्या गल्ल्यांत फिरणार नाही. नाव द्या, फोन नंबर देऊ नका. पुढच्या वर्षी तोच माणूस तुम्हाला फोन करून म्हणेल, "मागच्या वेळच्या त्याच काकांच्या हातची, नऊ नंबर पाठवा." आज असा फोन तुम्हाला येतच नाही, कारण कुणाच्या हातची ते त्याला माहीतच नसतं.

दुसरी अडचण त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. "ताई, काही कारागिरांनाच नाव नको असतंय. नवी पोरं तर म्हणतात, आडनाव लावू नका."

यावर मी गप्प बसले. आडनाव लिहिलं की जात कळते. चामड्याच्या कामावर ज्यांनी शतकानुशतकं शिवाशिवीचा डाग लावला, त्याच समाजातली आपण माणसं त्याच हातची चप्पल घालून लग्नात मिरवतो. कातडं कमावणारा ढोर समाज आणि चप्पल शिवणारा चर्मकार समाज, या दोघांनी कोल्हापूरचं नाव जगभर नेलं आणि त्यांच्या पोरांना स्वतःचं नाव लपवावंसं वाटतं. ही लाज त्यांची नाही. पण ती काढायची जबाबदारी त्यांच्यावर ढकलताही येणार नाही. म्हणून ज्याला हवं त्याचंच नाव, त्याला हवं तसं. कुणी नुसतं पहिलं नाव देईल, कुणी आजोबांचं. विचारा तरी. आजवर कुणी विचारलेलंच नाही.

कुणाच्या हातचं ते न लपवता घेणं आपल्या गावात आधी झालेलं आहे, म्हणून मला आशा वाटते. तुमच्याच लगतच्या भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं होतं. अस्पृश्य म्हणून त्यांच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. तेव्हा छत्रपती शाहू महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून, सगळ्यांच्या देखत चहा घेऊ लागले. बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावत. महाराजांनी शाळा काढल्या, वसतिगृहं काढली, १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्याबरोबर ते एका माणसाचं उघडपणे गिऱ्हाईकही झाले. कुणाच्या हातचं घेतोय, हे त्यांनी लपवलं नाही, उलट सगळ्या गावाला दाखवून घेतलं. त्या रस्त्याच्या लगतच आज आपण चपला विकतो आणि विकत घेतो. चिठ्ठीवरचं नाव मला त्या चहाच्या जवळचं वाटतं.

घासाघिशीबद्दल थोडं लिहिते. यात दोष आम्हा गिऱ्हाइकांचाही आहे. चौदाशेची नऊशेला मिळाली की आम्हाला जिंकल्यासारखं वाटतं, आणि हे ठाऊक असल्यामुळं तुम्ही नऊशेची चौदाशे सांगता. हातच्या चपलेवर हा खेळ बंद करा, एकच भाव लिहा. त्यातून कुणाला किती जातं ते मला कळण्याची गरज नाही, पण मी पाडलेले शे-दोनशे काकूंच्या वेणीतून कापले जात नाहीत, एवढी खात्री मला हवी. बिलाचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या चपलेवर जीएसटी पाच टक्के झाला. आधी हजाराच्या वर अठरा टक्के होता, तेव्हा "बिल कशाला ताई, उगाच महाग पडंल" हे मी समजून घेत होते. आता बिल द्या, आणि त्यावर 'हातची कोल्हापुरी, म्हशीचं चामडं' असं लिहून द्या. पाच टक्के मी आनंदानं भरेन.

चप्पल विकताना दोन मिनिटं तिच्याबद्दल सांगा. बाहेरगावच्या माणसाला काहीच माहीत नसतं. नवी चप्पल पहिल्या दिवशी घालून तो पन्हाळ्यावर चार तास चालतो, पायाला फोड येतात, आणि चप्पल कपाटात जाते ती कायमची. त्याला सांगा, पहिले काही दिवस घरात तासभरच घाल. रात्री आतून तेलाचा हात फिरव. पावसात घालू नकोस, भिजलीच तर उन्हात नाही, सावलीत वाळव. चपलेचा अंगठा सैल झाला तर टाकू नकोस, आवळून मिळतो. आमच्या आजोबांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पायताणाला तेल लावणं हे बैलाच्या शिंगांना लावण्याइतकंच घरचं काम होतं. ती करकर वाजणारी चप्पल दारात आली की आजी चुलीवर भाकरी टाकायची. आजच्या गिऱ्हाइकाच्या घरी असे आजोबा नाहीत, त्यामुळं सांगण्याचं काम आता तुमचं.

आणि जमलं तर एक जागा. चप्पल लाइनमधे एका दुकानाच्या ओट्यावर दिवसातून दोन तास एका कारागिराला ठोकळा-रापी घेऊन बसू द्या. त्याच्या वेळेचे पैसे त्याला द्या. लोक साज पाहायला उभे राहत नाहीत तेवढे तिथं उभे राहतील. माझी मुलगी त्या मे महिन्यात सुभाषनगरातल्या दारात दीड तास उभी होती आणि तिला कुणी बस म्हटलं तेही ऐकू आलं नाही. पर्यटकाला एकदा आरी आणि वादी दिसली की तो पुन्हा कुणालाही "नऊशेला द्या ना" म्हणणार नाही.

महापालिका, जिल्हा प्रशासन, महामंडळ यांनाही पुष्कळ लिहिता येईल. ते वेगळं लिहीन. पण तुमच्या फळीवर खडूनं तीन शब्द लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

नोव्हेंबरच्या किरणोत्सवाला मी येते आहे. यंदा आम्ही नऊजणी आहोत. दर्शन झालं की सरळ तुमच्याकडं येऊ. धाकटी जाऊही येणार आहे. तिला मी महिनाभर समजावून तयार केली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नाशिकला राहणारी कोल्हापूरची एक माहेरवाशीण

ता. क. : जावेचं माप वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं पाय रेखून बरोबर आणते आहे. उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित मोठा आहे. कापशी हवी, वेणीची, गोंडा नको, रंग न दिलेली. घाई नाही, तीन आठवड्यांनी कुरियरनं पाठवली तरी चालेल. चिठ्ठीवर नाव मात्र वाचता येईल असं लिहा.